‘यांच्या वंशात कुणी वेडं होतं का?’



सोयरीक जुळवायला पाहुणे येतात, तेव्हा बरंच काही समोरासमोर विचारलं जातं. वावर किती, ओलिताचं की कोरडवाहू, भावंडं किती, पोरगी कितवी शिकली. एक प्रश्न मात्र बैठकीत कुणी काढत नाही. तो मध्यस्थाच्या कानात सांगितला जातो, नाहीतर गावात दोन घरं फिरून त्याचं उत्तर काढून घेतलं जातं. तो प्रश्न म्हणजे, “यांच्या वंशात कुणी वेडं होतं का?”

होतं, असं कळलं की पाहुणे परत निरोप धाडत नाहीत. मग घरातली माणसं लपवायला शिकतात. आजारी भावाला पाहुणे येणार त्या दिवशी मावशीकडे पाठवतात. गोळ्यांचं पाकीट धान्याच्या कोठीमागे ठेवतात. उपचाराला जायचं तर जवळचा दवाखाना सोडून लांबचा गाठतात, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. आणि लग्नानंतर एखादी सून आजारी पडलीच, तर “तुमच्या घराण्यातच आहे, तुम्ही आम्हाला फसवलं” म्हणून तिला माहेरी आणून सोडतात.

आज आम्ही तुम्हाला या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहोत. मानसिक आजार रक्तातून येतो का, हे शोधायला डॉक्टर आणि संशोधक शंभर वर्षांहून जास्त काळ झटले आहेत. त्या शोधात मोठ्या चुका झाल्या, काही भयंकर पापंही झाली, आणि शेवटी जे हाती आलं ते आपल्या लेकीबाळींच्या फार उपयोगाचं आहे.

आधी आजाराचं नाव घेऊ. मानसिक आजार पुष्कळ आहेत. त्यातला ज्याला लोक सर्रास ‘वेड’ म्हणतात, त्याला डॉक्टर बहुतेक वेळा स्किझोफ्रेनिया म्हणतात. माणसाला कानात आवाज ऐकू येतात, सगळे आपल्यावर उठले आहेत असं वाटतं, झोप उडते, बोलणं तुटक होतं, अंघोळ-जेवणाची शुद्ध राहत नाही. साधारण शंभर माणसांमागे एकाला, किंवा त्याहून थोड्या कमी लोकांना, आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. तो बाहेरची बाधा नाही, आणि कुणी काही करून ठेवल्याने होत नाही. तो मेंदूचा आजार आहे आणि त्यावर औषध आहे.

आता वंशाकडे येऊ. वंशातून येणारा एक आजार आपल्या विदर्भातल्या बायकांना चांगला ठाऊक आहे, तो म्हणजे सिकलसेल. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलची माहिती प्रसिद्ध केली. आज गावच्या आशाताईला विचारलं तरी ती हिशेब सांगेल. आई आणि बाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारातला एक भाग मूल आजारी निघण्याचा, दोन भाग मूल वाहक निघण्याचा, आणि एक भाग ते अगदी मोकळं असण्याचा. सिकल एकाच जनुकातल्या बिघाडाने होतो. जनुक म्हणजे आईबापांकडून मुलाला मिळालेली, शरीर कसं घडवायचं याची एक बारीकशी सूचना. सूचना एकच असल्यामुळे रक्ताच्या तपासणीत ती पकडता येते, आणि लग्नाआधी तपासून घ्या असं सांगता येतं.

शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांना वाटलं, वेडाचंही असंच असणार. खाण तशी माती. जर्मनीतल्या म्युनिक शहरात अर्न्स्ट र्यूडिन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी सातशेच्या आसपास रुग्णांच्या घराण्यांची माहिती गोळा केली आणि १९१६ साली ती छापली. आजार एकाच जनुकाचा आणि सिकलसारखा असता, तर आईबाप निरोगी असलेल्या घरांत भावंडांपैकी शंभरात पंचवीस आजारी भरायला हवे होते. र्यूडिन यांच्या मोजणीत भरले फक्त साडेचार. म्हणजे हिशेब जुळत नव्हता. इथेच थांबून त्यांनी विचार करायला हवा होता. पण वेड रक्तातच आहे, हे त्यांच्या मनाने आधीच धरलं होतं. आकडा बाजूला राहिला आणि मत तसंच राहिलं.

त्याच काळात आपल्या महाराष्ट्राची एक बाई जर्मनीत शिकत होती. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे. बायकांचं विद्यापीठ काढणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांच्या त्या सूनबाई. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. तिथे ज्या संस्थेत त्यांनी काम केलं, तिच्या नावातच मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन हे शब्द होते. सुप्रजनन म्हणजे ‘चांगल्या’ माणसांची पैदास वाढवायची आणि ‘वाईट’ माणसांची थांबवायची, असा विचार. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर यांची समजूत होती की गोऱ्या लोकांची कवटीच वेगळ्या घडणीची असते आणि त्यांची हुशारी त्यातून येते. इरावतीबाईंकडे काम आलं कवट्या मोजण्याचं. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. गोऱ्यांची कवटी आणि इतरांची कवटी यांत तसा काहीच फरक त्यांना दिसला नाही, आणि त्यांनी आपल्या प्रबंधात तसंच लिहिलं. परक्या देशात, उधारीच्या पैशावर शिकणाऱ्या एका तरुण बाईने, गुरूच्या मनात काय आहे ते माहीत असताना, जे मोजलं तेच लिहिलं. र्यूडिन यांना जे जमलं नाही, ते इरावतीबाईंना जमलं.

पण जर्मनीत तेव्हा इरावतीबाईंसारख्यांचं चाललं नाही. हिटलरचं राज्य आलं आणि १४ जुलै १९३३ रोजी एक कायदा झाला. ज्यांचा आजार वंशातून पुढे जाईल असं डॉक्टरांना वाटेल, त्यांची जबरदस्तीने नसबंदी करायची. त्या यादीत स्किझोफ्रेनिया होता, उन्माद-उदासीचा आजार होता, मिरगी होती, जन्मजात आंधळेपण आणि बहिरेपण होतं. कायद्याचा अर्थ समजावून सांगणारं पुस्तक लिहिणाऱ्यांत र्यूडिन होते. सुमारे चार लाख बायका-पुरुषांवर ही शस्त्रक्रिया झाली. बायकांचं पोट फाडावं लागायचं, म्हणून त्यात मेलेल्यांमध्ये फार मोठा भाग बायकांचा होता. पुढे १९३९ नंतर तर वेड्यांच्या इस्पितळांतल्या सत्तर हजार रुग्णांना विषारी वायू सोडून मारण्यात आलं. हे खूळ एकट्या जर्मनीचं होतं असंही समजू नका. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात असा नसबंदीचा कायदा १९०७ सालीच झाला होता.

एवढं केल्यावर जर्मनीतून तो आजार गेला का? नाही गेला. युद्ध संपल्यावर जे रुग्ण मोजले गेले, त्यांत नव्याने आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण कमी झालेलं नव्हतं. एक पिढीच्या पिढी कापून काढली, तरी आजार आपल्या जागी होता. कारण स्किझोफ्रेनिया झालेल्या शंभर माणसांपैकी जवळजवळ नव्वद जणांच्या आईलाही तो नसतो आणि बापालाही नसतो. ‘वेड्यांची’ घराणी शोधून संपवावीत असा हा आजारच नाही. तो कुठल्याही घरात येऊ शकतो, तुमच्या आणि आमच्याही.

ही गोष्ट दूरदेशीची आहे म्हणून सोडून देऊ नये. १९९४ साली आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या गर्भपिशव्या काढण्यात आल्या. कारण वंशाचं दिलेलं नव्हतं, मुलींना पाळीची स्वच्छता ठेवता येत नाही असं सांगितलं गेलं. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. कारण कोणतंही सांगा, ज्या बाईचं डोकं ‘बरोबर नाही’ तिच्या कुशीवर दुसऱ्यांनी हक्क सांगायचा, हा विचार एकच. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की मानसिक आजारावरचा उपचार म्हणून कुणाही बाईची वा पुरुषाची नसबंदी करता येणार नाही. रुग्णाला साखळीने बांधता येणार नाही, हेही त्याच कलमात आहे.

युद्धानंतर रक्ताला दोष देणं लोकांना लाजिरवाणं वाटू लागलं. मग दोष द्यायला दुसरं कुणीतरी हवं होतं. ते कोण सापडलं असेल? आई.

१९४८ साली अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइशमन या नामांकित डॉक्टरबाईंनी एक कल्पना मांडली. लेकराला धड जवळ न घेणाऱ्या, पण त्याच्यावर सतत हुकूम चालवणाऱ्या आईमुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो, अशी ती कल्पना होती. पुढची वीस-पंचवीस वर्षं कितीतरी डॉक्टर तेच म्हणत राहिले. मुलगा आजारी पडला की दवाखान्यात आईची उलटतपासणी व्हायची. दूध किती दिवस पाजलं, रागावली किती, लाड कमी केले की जास्त केले. ज्या बाईने रात्ररात्र जागून आजारी लेकरू सांभाळलं, तिलाच सांगितलं जायचं की हे तुझ्यामुळे झालं. आपल्याकडे हेच वेगळ्या शब्दांत चालतं. पोटुशी असताना ग्रहणात बाहेर गेली होती, वळणच लावलं नाही, नवस फेडला नाही. बोट शेवटी आईकडेच.

आईची या आरोपातून सुटका कुणी केली, तर आनुवंशिकतेच्या संशोधनानेच. त्यातलं एक काम १९६६ सालचं आहे. लेनर्ड हेस्टन या डॉक्टरांनी अमेरिकेच्या ओरेगन राज्यातली ४७ माणसं शोधून काढली. त्यांच्या आयांना स्किझोफ्रेनिया होता आणि त्या मनोरुग्णालयात असताना ही मुलं जन्मली होती. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांना आईपासून दूर केलं होतं. ती वाढली ती दुसऱ्यांच्या घरी, नाहीतर अनाथाश्रमात. म्हणजे आईच्या वागण्याचा, तिच्या रागालोभाचा त्यांच्यावर काही परिणाम होणं शक्यच नव्हतं. जोडीला हेस्टन यांनी ५० अशी माणसं घेतली, जी तशीच लहानपणी आईपासून दूर झाली होती, पण त्यांच्या आयांना हा आजार नव्हता. सगळी मोठी झाल्यावर पाहिलं. या पन्नासांत कुणालाच स्किझोफ्रेनिया नव्हता. त्या ४७ जणांत पाच जणांना होता.

या पाच आणि सत्तेचाळीस आकड्यांकडे दोन बाजूंनी बघावं लागतं. एका बाजूने, आईने हातही न लावलेल्या लेकरांना आजार झाला, म्हणजे तो तिच्या सांभाळण्यामुळे झालेला नव्हता. वंशातून काहीतरी येतं हे खरं ठरलं. दुसऱ्या बाजूने, ४७ पैकी ४२ जणांना स्किझोफ्रेनिया झालाच नाही. आई इतकी आजारी की इस्पितळात बाळंत झाली, तरीही. आईच्या आजाराने मुलाचं नशीब लिहून टाकलेलं नव्हतं.

मग वंशातून येतं तरी काय? याचं उत्तर जुळ्यांनी दिलं. काही जुळी मुलं अगदी एकसारखी असतात, एकाच बीजाचे दोन भाग झालेली. त्यांची जनुकं सारखी असतात. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात येणाऱ्या जुळ्या रुग्णांची नोंद वर्षानुवर्षं ठेवली जात होती. तिच्यावर आयर्विंग गॉट्समन आणि जेम्स शील्ड्स या दोघांनी काम केलं. आजार निव्वळ रक्ताचा असता, तर एकसारख्या जुळ्यांत एकाला झाल्यावर दुसऱ्याला व्हायलाच हवा होता. तसं होत नाही. गॉट्समन यांनी पुढे निरनिराळ्या देशांतली जुळ्यांची माहिती एकत्र केली, तर दुसऱ्याला आजार होण्याचं प्रमाण शंभरात ४८ निघालं. निम्म्याहून थोडं कमीच.

आपल्या बायकांना हे समजायला पऱ्हाटी पुरेशी आहे. एकाच पाकिटातलं बियाणं अर्धं काळ्या जमिनीत पेरलं आणि अर्धं बरडावर, तर दोन्हीकडे झाड सारखं येत नाही. बियाण्याला महत्त्व आहेच. पण पाऊस, माती, कीड आणि निगराणी यांनाही आहे. मेंदूच्या बाबतीत ही माती-पाऊस म्हणजे काय, तेही बरंचसं कळलं आहे. आईच्या गरोदरपणातली आणि बाळंतपणातली गुंतागुंत, लहानपणी झालेला छळ, कोवळ्या वयात लागलेलं गांजाचं व्यसन, घरदार सोडून परक्या मुलखात एकटं पडणं, यांनी धोका वाढतो.

१९६७ साली गॉट्समन आणि शील्ड्स यांनी आणखी एक गोष्ट मांडली. या आजारामागे एक जनुक नसून पुष्कळ जनुकं असावीत आणि प्रत्येकाचा वाटा अगदी थोडा असावा. विहिरीला पाणी एकाच झऱ्याने येत नाही, चारी बाजूंनी बारीक बारीक पाझर येऊन मिळतात, तसं. त्यातले काही पाझर प्रत्येकाच्या विहिरीत असतात. फार पाझर एकत्र आले आणि वरून पाऊसही कोसळला, तर विहीर भरून वाहते.

तेव्हा हे बऱ्याच जणांना पटलं नाही. एकच गुन्हेगार जनुक पकडायची हौस जात नव्हती. १९८७ साली अमेरिकेतल्या आमिश समाजाच्या घराण्यांत उन्माद-उदासीच्या आजाराचं जनुक कुठे आहे ते सापडलं, असं जाहीर झालं. दोन वर्षांत, घराण्यातली आणखी माणसं तपासल्यावर, तो दावा कोसळला. १९८८ साली स्किझोफ्रेनियाबद्दल असाच दावा छापून आला, आणि त्याच मासिकाच्या त्याच अंकात स्वीडनच्या घराण्यांवरचा लेख होता, की आम्हाला तिथे काही सापडलं नाही.

मग संशोधकांनी रीत बदलली. एकेकट्याने चार घराणी घेऊन बसण्यापेक्षा अनेक देशांतल्या लोकांनी आपली माहिती एकत्र केली. २०१४ साली ३६,९८९ रुग्णांची तुलना एक लाखाहून जास्त निरोगी लोकांशी करून त्यांनी जनुकांच्या साखळीवरच्या १०८ जागा दाखवल्या. २०२२ साली ७६,७५५ रुग्णांच्या माहितीतून त्या जागा २८७ झाल्या. गॉट्समन आणि शील्ड्स पंचावन्न वर्षांपूर्वी जे म्हणाले होते, तेच पुढे आलं. या एकेका जागेने धोका वाढतो तो नखभर. आणि अशा जागा तुमच्या-आमच्या, सगळ्यांच्याच अंगात थोड्याफार आहेत.

यात भारतीयांची माहिती फार थोडी होती. ती उणीव भरायला चेन्नईची एक संस्था पुढे आली. भारतातल्या पहिल्या महिला मनोविकारतज्ज्ञ डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ साली स्थापन केलेली ‘स्कार्फ’. डॉ. आर. थारा आणि ऑस्ट्रेलियातले संशोधक यांनी तामिळनाडूतल्या रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची तपासणी केली. २०१९ साली त्यांनी एक जागा दाखवली, जिचा संबंध शरीरात नायसिन नावाचं जीवनसत्त्व वापरलं जाण्याशी आहे. म्हणून कुणी दुकानातून जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून खाऊ नका. तो उपचार नाही, औषध शोधण्याच्या वाटेवरचं ते एक पाऊल आहे.

एवढ्या मोठ्या इतिहासातून सोयरिकीच्या बैठकीत उपयोगी पडेल असं काय निघालं, ते आता बोटांवर मोजून सांगतो.

पहिलं म्हणजे, मुलीच्या किंवा मुलाच्या सख्ख्या भावाला वा बहिणीला स्किझोफ्रेनिया असेल, तर तिला वा त्याला तो होण्याची शक्यता शंभरात नऊच्या आसपास असते. म्हणजे शंभरातल्या एक्याण्णव जणांना तो होत नाही. आईला किंवा बापाला असेल तर शंभरात तेरा, म्हणजे सत्त्याऐंशी जणांना नाही. चुलत-मावस भावंडाला असेल तर दोन. दूरच्या काकाच्या आजारावरून लग्न मोडणाऱ्यांनी हा आकडा ऐकावा.

दुसरं, सिकलसाठी रक्ततपासणी आहे, तशी लग्नाआधी करायची वेडाची तपासणी नाही. अमक्याला हा आजार होईल असं आज कोणतीही रक्ततपासणी सांगू शकत नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

तिसरी गोष्ट कायद्याची. २००० साली हाँगकाँगच्या न्यायालयात एक खटला गाजला. अग्निशमन, रुग्णवाहिका आणि जकात अशा खात्यांतल्या तिघांना सरकारी नोकरी नाकारली गेली होती, का तर आईला किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया होता. तिघे स्वतः ठणठणीत होते. न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. आपल्याकडे १९५५ चा हिंदू विवाह कायदा लग्नाच्या वेळी नवरा-नवरीच्या स्वतःच्या आजाराबद्दल बोलतो, आणि तोही लग्न निभावता येणार नाही इतका असेल तर. भावाचा, आत्याचा, आजोबांचा आजार त्यात कुठेच नाही. लग्नानंतर सुनेला स्किझोफ्रेनिया आहे एवढं नाव दाखवून घटस्फोट मिळत नाही. आजार किती आणि कसा, हे न्यायालय पाहतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितलं आहे. तेव्हा नुसती डॉक्टरची चिठ्ठी दाखवून कुणी लेकीला घालवून देत असेल, तर घाबरून सही करू नका. तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा. तिथे बाईला वकील फुकट मिळतो.

इथे एक गोष्ट आम्ही स्पष्ट बोलणार आहोत. ज्याचं लग्न ठरतंय त्याला किंवा तिलाच आजार असेल, औषध चालू असेल, तर तो लपवू नये. लपवलेल्या आजाराची सून सासरी गोळ्या बंद करते, कारण गोळी घेताना कुणी पाहील ही भीती असते. गोळ्या बंद झाल्या की आजार उसळतो, आणि मग संसार मोडतो. लग्न केलं की वेड जातं, हीही समजूत खोटी आहे. त्यापायी मुलीचं आणि सुनेचं, दोघींचंही वाटोळं झालेली घरं प्रत्येक तालुक्यात आहेत.

बोलल्याने काय होतं, याचं उदाहरण मराठी माणसांतच आहे. मूळचे धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात प्राध्यापक होते. त्यांच्या घरात हा आजार होता. ते झाकून न ठेवता त्यांनी पुण्यात रुग्णांच्या घरच्या माणसांसाठी संस्था उभी केली आणि ‘देवराई’ हा चित्रपट निघायला पाठबळ दिलं. २००४ साली आलेल्या त्या चित्रपटात अतुल कुलकर्णी आजारी भाऊ झाले आहेत आणि सोनाली कुलकर्णी त्याला सांभाळणारी बहीण. मिळाला तर गटात सगळ्यांनी मिळून पाहा.

शेवटी आपल्या मातीकडे येऊ. वर्धा जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी देशभर ओळखला गेला, ही आपली जखम आहे. धनी गेल्यावर मागे राहिलेली बाई खचते, तिची झोप जाते, कशातच मन लागत नाही. या उदासीनतेच्या आजारात वंशाचा वाटा स्किझोफ्रेनियाहूनही कमी असतो. इथे कर्ज, नापिकी आणि एकटेपण यांचा पाऊस जास्त असतो. आणि पावसाचं पाणी अडवता येतं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत ‘विश्राम’ नावाचं काम झालं. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं, त्यांनी घरोघर जाऊन या आजाराविषयी बोलायला सुरुवात केली आणि गरज असेल त्याला समुपदेशक व डॉक्टरांपर्यंत नेलं. सुरुवातीला उदासीनतेचा आजार असलेल्या शंभरातल्या चारच जणांनी मदत घेतली होती. काम झाल्यावर ती संख्या सत्तावीस झाली. कुणाचंही जनुक न बदलता.

आपल्या गटाला हे करता येईल. महिन्याच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की दहा मिनिटं विचारायचं, कोणाला झोप येत नाही, कोणाच्या घरात कुणी गप्प गप्प झालं आहे. तिला एकटीला पाठवायचं नाही, एक जणीने सोबत जायचं. जिल्हा रुग्णालयात जा, सेवाग्रामला जा, नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जा. १८६४ पासूनचं ते रुग्णालय साऱ्या विदर्भासाठी आहे. जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फिरवा. तो फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि पुढच्या लगनसराईत मध्यस्थाने तो प्रश्न हळूच विचारलाच, की यांच्या वंशात कुणी वेडं होतं का, तर त्याला सांगा: “होतं असेल. दोन-चार पिढ्या मागे गेलात तर तुमच्याही असेल. आमच्या घरात आजारी माणसाला दवाखान्यात नेतात, वेळेवर गोळी देतात आणि ताटावर सोबत बसवतात. तुमच्या घरात काय करतात?”